खमंग, शून्य ते पंधरा

मला चाखण्याचं काम मिळालं हे ऐकल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे विष आहे की नाही ते बघायचं का?"

मी म्हटलं, "नाही हो आई. बिस्किटं, फरसाण, असलं काहीतरी असतं."

"मग त्यात विष नसतं कशावरून?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

काम आणलं होतं आमच्या खालच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारणीनं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींच्या डोक्यावर आणि पायाखाली राहत आलो आहोत. तिला कुठून तरी कळलं की नोएडाला एक प्रयोगशाळा आहे आणि तिथे पदार्थ चाखायला माणसं हवी आहेत. ती धापा टाकत वर आली. "भाभीजी, खाने का काम है. बनाना नहीं है. परोसना नहीं है. बस बैठके खाना है. ज़िंदगी में पहली बार!"

मेट्रोनं मयूर विहारला गाडी बदलून आम्ही दोघी नोएडाला गेलो. तिथे आम्हाला पाण्याचे छोटे छोटे पेले दिले. सगळे सारखेच दिसत होते, पण कशात नखभर साखर होती, कशात मीठ, कशात लिंबाचं सत्त्व. कुठल्यात काय ते ओळखायचं. आम्ही दोघी पास झालो. आमच्याबरोबर एक निवृत्त बंगाली शिक्षिका पास झाल्या, ज्यांनी आयुष्यभर दिल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, आणि एक लखनौकडचे बँकेतून निवृत्त झालेले काका. शिवाय आणखी काही जण होते, पण बोलायचे ते हे दोघेच.

शिकवणारी मॅडम माझ्या भाचीच्या वयाची होती. पांढरा कोट, केस जाळीत. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे कुणी 'छान' म्हणायचं नाही. 'टेस्टी' नाही, 'यम्मी' नाही, 'बकवास'ही नाही. पदार्थ आवडला की नाही हे कंपनी दुसऱ्या लोकांना विचारते. आम्ही फक्त तो कसा आहे ते सांगायचं आणि तेही इंग्रजीत, कारण अहवाल परदेशी जातो.

काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वाह!"

"अंकल, नो वाह," मॅडम म्हणाली.

"तो क्या कहूँ?"

"क्रिस्पी कहिए, क्रंची कहिए. कितना है, वो कहिए."

त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही क्रिस्पी आणि क्रंची यांतला फरक शिकत होतो. समोर एक पापड, एक टोस्ट, एक भाजलेला शेंगदाणा. तोंडात घालून कानांवर हात ठेवायचे आणि आवाज ऐकायचा. क्रिस्पीचा आवाज वरच्या पट्टीत येतो, क्रंचीचा खालच्या. पापड क्रिस्पी. शेंगदाणा क्रंची. टोस्टवरून वाद झाला. आठ-दहा पोक्त माणसं कानांवर हात ठेवून, डोळे मिटून, गंभीरपणे टोस्ट चावताहेत हे दृश्य काचेबाहेरून जाणारा पाणीवाला थांबून बघत असे.

मला अडचण वेगळीच येत होती. मॅडम 'क्रिस्पी' म्हणाली की माझ्या डोक्यात कुरकुरीत, चुरचुरीत, कुडकुडीत असे तीन शब्द एकदम उभे राहायचे आणि कुणाला पुढे पाठवावं ते कळायचं नाही. 'क्रम्बली' आला तेव्हा मला वाटलं, सापडला एकदाचा खुसखुशीत. पण नाही. मॅडमच्या क्रम्बलीचा नुसता भुगा होतो. खुसखुशीत पदार्थ जिभेवर आपणहून विरघळतो, त्याला भुगा म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. हे मी सांगितलं नाही. मी लिहिलं: क्रम्बली, नऊ.

कारण प्रत्येक शब्दाला आकडा द्यायचा होता. शून्य ते पंधरा. शून्य म्हणजे अजिबात नाही, पंधरा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही.

"पंधराच का?" काकांनी विचारलं. बँकेतला माणूस.

"इंटरनॅशनल है," मॅडम म्हणाली.

आकड्यांच्या आधी मात्र थोडं, जरासं, बरंच, फार यांचं इंग्रजी व्हावं लागलं. मी एका चिवड्याबद्दल लिहिलं होतं, 'लिटिल सॉल्ट.' शिक्षिकाबाईंनी चष्मा वर करून माझा कागद वाचला आणि त्यांना राहवेना. त्या बोलायच्या इंग्रजीतच. "'लिटिल सॉल्ट' ही तक्रार आहे. 'अ लिटिल सॉल्ट' म्हणजे आहे थोडं, चालेल. तुम्हाला काय म्हणायचंय?"

मला म्हणायचं होतं की मीठ बेताचं आहे. बेताचं हे तक्रारीत बसत नव्हतं आणि समाधानातही पुरतं बसत नव्हतं.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा 'अ'नं मीठ कमी-जास्त होतं?"

"होतं."

"मग तो 'अ' आमटीत घाल आज. सकाळची अळणी आहे."

बाकी घरातही उलथापालथ झाली होती. सकाळी कांदा-लसूण खाऊन प्रयोगशाळेत जायची मनाई होती. केसांना तेल नाही, पावडर नाही, देवापुढची उदबत्तीसुद्धा मी निघाल्यानंतर लागायची. आमचे हे मंत्रालयात खरेदीविभागात आहेत आणि नियम म्हटला की त्यांना आनंदच होतो. ते नाश्त्याला बिनफोडणीचे पोहे खाऊन निमूटपणे ऑफिसला जात. सर्वांत कठीण गेलं ते थुंकणं. चाखलेला घास गिळायचा नाही, कागदी पेल्यात टाकायचा, नाहीतर पोट भरतं आणि जीभ आळसावते. लहानपणी ताटात चार शितं राहिली तर उठू न देणाऱ्या घरातली मी. पहिले काही दिवस मी मॅडमची नजर चुकवून गिळत होते. मग एकदा केक होता, एकामागून एक नमुने आले, आणि परतीच्या मेट्रोत मला असं मळमळलं की दुसऱ्या दिवसापासून मी सराईतासारखी थुंकायला लागले.

एकदा सासूबाईंनी कारल्याची भाजी केली आणि सवयीनं विचारलं, "कशी झालीय?"

मी डोळे मिटून म्हटलं, "आधी गोडसर, मग कडू. कडवटपणा सात. तो मागे रेंगाळतो. तेल ओठांना जाणवतं."

यांनी ताटातून मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "छान झालीय म्हणायला काय होतं?"

"छान म्हणायचं नसतं, आई."

"तिथे नसतं. इथे असतं."

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी भाकरी वाढली तर त्या घास घेऊन, डोळे मिटून, बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कडा कडक. पाच." तेव्हा मला कळलं की भांडण मिटलं.

मग एक दिवस चकली आली.

कुठल्याशा कंपनीला महाराष्ट्राची चकली देशभर विकायची होती. आम्हाला ती नुसत्या नंबराखाली दिली होती, नाव-गाव काही नाही, पण तिचे काटे बघूनच मी ओळखली. सगळे चावायला लागले. क्रंची दहा. ब्रिटल सहा. तेलकटपणा चार. तिखट पाच. कागद भरत आले. माझा कागदही भरला होता आणि तरी मला आत कुठेतरी चुकल्यासारखं होत होतं. जसं कुणी घरातल्या माणसाचा हुबेहूब फोटो दाखवावा आणि त्यात डोळे नसावेत.

मी हात वर केला. "मॅडम, इसमें खमंग नहीं है."

"क्या नहीं है?"

"खमंग."

"इंग्लिश में बताइए, आंटी."

तिथून पुढची अख्खी सकाळ त्यातच गेली. मॅडमनं फळ्यावर 'रोस्टेड' लिहिलं. मी म्हटलं, रोस्टेड तर करपलेलंही असतं. 'नटी' लिहिलं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, नटी म्हणजे काजू-बदामासारखं, इथे कुठे काजू आहेत? 'टोस्टी'. काका म्हणाले, ते टोस्टचं. 'अॅरोमॅटिक'. त्यात तर अत्तरही येतं. शेजारीण म्हणाली, "मॅडमजी, वो जो सूँघते ही आदमी किचन में आ जाता है ना, कि क्या बन रहा है... वो."

"उसकी इंग्लिश?" मॅडमनं विचारलं.

"उसकी इंग्लिश नहीं है. उसका तो आदमी है."

शेवटी मॅडमनं खडू खाली ठेवला. नियमानुसार नवीन शब्द घेता येतो, ती म्हणाली, पण त्याची व्याख्या हवी आणि प्रमाण नमुने हवेत. म्हणजे खमंग पाच कसं असतं, खमंग दहा कसं असतं आणि खमंग पंधरा कसं असतं, ते तीन डब्यांतून आणून दाखवायचं. सगळ्यांनी ते हुंगायचं, मग शब्द कायम.

मी हो म्हणून बसले.

घरी सासूबाई भडकल्या. "पाच खमंग म्हणजे काय? खमंग असतं नाहीतर नसतं. बाई पाच महिन्यांची गरोदर असते, पण पाच टक्के गरोदर असते का?"

पण त्यांच्याशिवाय भाजणी भाजणार कोण? तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरं असं सगळं काढून त्यांनी पदर खोचला. पहिला डबा, पंधराचा, सहज झाला. धान्य रंगावर आलं, वास जिन्यातून खाली गेला आणि शेजारीण न बोलावता वर आली. दहाचाही जमला, तांबूस व्हायच्या अलीकडे उतरवून. पाचानं मात्र आम्हाला रडवलं. मुद्दाम अर्धवट भाजायला सासूबाईंचा हात तयारच होईना. मी "आता उतरवा" म्हटलं की त्या म्हणायच्या, "थांब, कच्चं आहे," आणि मी परत म्हणेपर्यंत ते दहावर पोचलेलं असायचं. कढई दोनदा रिकामी केली. शेवटी यांना मध्ये घ्यावं लागलं. ते कढईजवळ उभे राहिले आणि डाळीचा कच्चा वास जाऊन पहिला भाजका वास आला त्या क्षणी त्यांनी गॅस बंद केला. सासूबाई उलथनं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "असलं अन्न माझ्या हातून आजवर झालं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या.

सकाळी मेट्रोच्या तपासणीत सुरक्षारक्षकानं पिशवी उघडायला लावली. मधल्या वयाचा, रापलेला माणूस. तीन सारखे डबे, प्रत्येकावर यांच्या टपोऱ्या अक्षरात एक आकडा. "ये क्या है?"

मी म्हटलं, "भाजणी."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "भाजणी? थालीपिठाची? तुम्ही कुठल्या, ताई?"

तो माण तालुक्यातला निघाला. नियम म्हणून त्यानं तिन्ही डबे उघडले. पंधराचा डबा त्यानं नाकाशी नेला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. मागे रांग खोळंबली. मग पाचाचा डबा हुंगून त्यानं मान हलवली. "ताई, ही कच्ची राहिलीय. पोटात दुखंल."

"ती मुद्दाम कच्ची ठेवलीय," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता ही बाई खरोखरच संशयास्पद आहे. पण त्यानं जाऊ दिलं.

प्रयोगशाळेत डबे फिरले. प्रत्येकानं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आकडे पाठ केले. मॅडमनं आणि शिक्षिकाबाईंनी मिळून व्याख्या लिहिली: धान्य किंवा डाळ कोरडी भाजताना, करपण्याच्या आधी येणारा, पूर्ण पक्व झालेला वास. इंग्रजीत ती फार भारदस्त वाटत होती. शब्द फळ्यावर चढला. मॅडम त्याला 'कमॅंग' म्हणत असे, शिक्षिकाबाई 'खॉमोंग', पण कागदावर तो एकच होता. चकलीला दोन पडले. कंपनीनं चकलीचा नाद सोडला.

शब्द मात्र राहिला. पुढे जे जे आलं त्याला तो लागायला लागला. कॉर्नफ्लेक्सना खमंग तीन. उपम्याच्या पाकिटाला सहा. काका तर त्याच्यासाठीच जगायला लागले. 'वाह'ची बंदी त्यांच्या जिवाला लागली होती, ती जागा त्यांना यात सापडली असावी. शेजारीण घरीदारी वापरायला लागली. तिच्या पुतण्याला मुलगी बघायला गेले तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं, "लड़की अच्छी है, भाभीजी. पर घरवाले खमंग चार."

आणि मग एका सकाळी कुत्र्याची बिस्किटं आली.

ती खायची नव्हती, नुसती हुंगायची होती. कुत्र्यांना काय वाटतं ते कंपनी वेगळं बघत होती, पण बिस्किटाची पिशवी उघडणाऱ्या मालकाला कसा वास येतो ते आमच्याकडून हवं होतं. मॅडमनं काहीच लपवलं नाही. लहान हाडाच्या आकाराची तांबूस बिस्किटं वाटीत घालून काचेनं झाकून ठेवली होती. आम्ही झाकण बाजूला करून नाक लावलं.

मी खमंगच्या रकान्यात एक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं मला बाजूला बोलावलं. पडद्यावर आमचे सगळ्यांचे आकडे ठिपक्यांसारखे मांडलेले होते. अकराच्या आसपास ठिपक्यांचा एक घोळका. आणि दूर खाली, एकच्या जवळ, एकटा ठिपका.

"आंटी, ये आप हैं. आप आउटलायर हैं."

"मतलब?"

"बाकी सब एक तरफ, आप अकेली एक तरफ. आपको खमंग की री-ट्रेनिंग लेनी पड़ेगी."

मी म्हटलं, "मॅडम, ये शब्द मेरा है."

"जी आंटी, लेकिन अब पॅनल का है," ती अगदी प्रेमानं म्हणाली.

घरी यांना सांगितलं तर ते विचारात पडले. म्हणाले, "प्रक्रिया म्हणून बरोबर आहे त्यांचं." सासूबाई नुसत्या शेंगा सोलत राहिल्या, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

मला शिकवायला शिक्षिकाबाईंना नेमलं होतं, कारण त्यांचे आकडे नेहमी बरोबर मध्यावर येत. एका छोट्या खोलीत मी आणि त्या समोरासमोर. मध्ये काचेच्या तीन वाट्या. आमचे डबे केव्हाच संपले होते; आता प्रयोगशाळा स्वतःच यंत्रात डाळ भाजून प्रमाण नमुने तयार करत होती.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "हे खॉमोंग पाच. काय येतंय?"

"हरभऱ्याची डाळ. नुकती भाजायला घेतलेली."

"पदार्थाचं नाव घ्यायचं नाही. गुण सांगा."

मी गुण सांगितले. दहा हुंगलं. पंधरा हुंगलं. आयुष्यभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या त्या बाईनं माझी एकही चूक सोडली नाही. मग त्यांनी चौथी वाटी पुढे सरकवली. मी डोळे मिटलेलेच ठेवले.

"हे?"

नाकाशी गरम धान्य आलं. कोरडं भाजलेलं, नीट, घाई न करता, करपायच्या एक श्वास अलीकडे थांबवलेलं. जिन्यातून खाली जाईल असं. मला माहीत होतं वाटीत काय आहे. मी पुन्हा हुंगलं. मनातून ते हाडाचे आकार काढून टाकायला बराच वेळ लागला, आणि शिक्षिकाबाईंनी तो दिला.

"अकरा," मी म्हटलं.

"शुअर?"

"साडेअकरा."

"आता बरोबर," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं हसू, आणि मग त्याही हसायला लागल्या. एकदा सुरू झाल्यावर आम्हा दोघींना ते आवरेना. मॅडम काचेतून डोकावून गेली.

त्या दिवशी सासूबाई बाल्कनीत कपडे काढत होत्या. मी सगळं सांगितलं. कुत्र्याचं बिस्किट, साडेअकरा, काहीही न वगळता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी एक टॉवेल घडी केला, दुसरा घडी केला.

"त्यात काय काय घालतात, विचारलंस का?"

"काय?"

"उगाच नाही येत वास. धान्य कुठलं आहे ते विचार."

मी विचारलं. मॅडमला ते सांगायला परवानगी नव्हती, पण पिशवीवर छापलेलंच असतं, ती तिनं माझ्यापुढे केली. हरभरा होता, तांदूळ होता आणि जव होते.

"जव म्हणजे आपले सातूच," सासूबाई म्हणाल्या. पुढच्या भाजणीत त्यांनी मूठभर जव टाकले, ते आधी वेगळे भाजून, मग बाकीच्यात मिसळून. चक्कीवरून पीठ आलं तेव्हा डबा अजून कोमट होता. थालीपीठ तव्यावर पडलं तशी शेजारीण वर आली, आणि हे पेपर सोडून ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

गेल्या आठवड्यात पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन होता. तिची भाजणी काही केल्या जमेना. सासूबाईंनी फोन कानाला लावून, डोळे मिटून, तिचं सगळं ऐकून घेतलं.

"जव घाल थोडे," त्या म्हणाल्या. "इकडे दिल्लीत घालतात."